न झालेली परीक्षा

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या हातीं आलेल्या एका गुणपत्रकांत एका हुशार विद्यार्थ्याच्या नांवापुढें 'गैरहजर' असा शेरा होता. परीक्षेच्या दिवशीं तो तिसऱ्या बाकावर बसलेला आम्हीं स्वतः पाहिला होता. तें पत्रक आमच्यापूर्वीं तिघांच्या हातांखालून गेलें होतें. तेथें शून्य असतें तर कोणीहि थबकला असता. 'गैरहजर' ह्या शब्दापाशीं कोणाचीच लेखणी अडली नाहीं. शून्यानें एखाद्याविषयीं कांहींतरी कळतें. गैरहजेरीनें कांहींच कळत नाहीं, आणि कांहीं न कळण्याची टोंचणी मनाला सहसा लागत नाहीं.

ही गोष्ट पुन्हां आठवण्याचें कारण अगदींच परक्या क्षेत्रांतलें आहे. हल्लींच्या बहुतेक संगणकांत टीपीएम नांवाची एक सुरक्षा-चिप असते. २०२१ सालीं निघालेल्या विंडोज ११ ला तर ती आवश्यकच ठरविण्यांत आली. गुप्त किल्ल्या सांभाळाव्या, सोंपविलेला मजकूर मोहोरबंद ठेवावा आणि धन्याची ओळख पटल्यावांचून तो बाहेर देऊं नये, हें तिचें काम. लिनक्स ह्या कार्यप्रणालीचा जो गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, त्याच्यासोबत चाचण्यांचा एक संच असतो. कर्नेल आणि ही चिप यांचा व्यवहार नीट चालतो कीं नाहीं हें पाहणाऱ्या चाचण्या त्यांत २०१९ सालीं घालण्यांत आल्या.

ह्या चाचण्यांतील एक आम्हांस फार आवडली. ती मुद्दाम चुकीचा परवलीचा शब्द देते आणि मोहोर फोडावयास सांगते. चिपनें नकार दिला म्हणजे झालें असेंहि नव्हे. 'शब्द चुकला' ह्याच कारणासाठीं नकार आला पाहिजे. हें सूक्ष्म आहे खरें, पण योग्य आहे. दार उघडलें नाहीं एवढ्यावरून पहारेकरी जागा होता असें ठरत नाहीं. कदाचित् बिजागरीच गंजलेली असेल.

आतां ज्या यंत्रांत चिपच नाहीं तेथें काय करावें? त्यासाठीं तिसरें उत्तर योजलेलें आहे. उत्तीर्ण असल्यास ०, अनुत्तीर्ण असल्यास १, आणि परीक्षा घेतांच आली नाहीं तर ४, म्हणजे 'वगळली'. प्रामाणिक उत्तर! परंतु २०२० सालीं ह्या प्रामाणिकपणाचीच फजिती झाली. परीक्षेच्या उंबरठ्यावर एक ओळ घालण्यांत आली: चिपची फाईल जागेवर आहे काय तें पाहा, नसल्यास ४ सांगून परत फिरा. लिनक्समध्यें उपकरणें फाईलींच्या रूपानें दिसतात. मात्र त्या साध्या फाईली नव्हेत, उपकरणाच्या फाईलींची जातच निराळी. ह्या ओळींत प्रश्न होता तो 'येथें साधी फाईल आहे काय?' असा. उत्तर अर्थातच 'नाहीं'. चिप समोर हजर असतांना परीक्षा तिला गैरहजर ठरवून परत फिरूं लागली. चूक त्याच वर्षीं सुधारली गेली; 'एफ'च्या जागीं 'ई', एका अक्षराचें काम.

येथें खोटें कोण बोललें? कोणीच नाहीं. 'परीक्षा झाली नाहीं' हें प्रत्येक वेळीं अक्षरशः सत्य होतें. आणि तरीहि पाहणाऱ्याच्या मनावर ठसा उमटे तो 'कांहीं बिघडलेलें नाहीं' असा. कोणी म्हणेल, मग वगळलेल्या परीक्षेस नापासच धरा. तें आम्हांस मान्य नाहीं. ज्या मुलानें नांवच नोंदविलें नाहीं त्याला नापास करणें हा अन्याय होय. आणि उठल्यासुटल्या नापासाची घंटा वाजूं लागली कीं ती कोणी ऐकेनासें होतें.

बरें, परीक्षा झाली तरी ती विचारलेल्या प्रश्नांपुरतीच. इन्फिनिऑन कंपनीच्या चिपांजवळ सुरक्षिततेचीं रीतसर प्रमाणपत्रें होतीं. त्यांतील किल्ल्या घडविण्याच्या रीतींतच दोष असून कांहीं लांबीच्या किल्ल्यांच्या बाबतींत जाहीर किल्लीवरून खाजगी किल्ली शोधून काढतां येते, असें ब्रनो येथील मासारिक विद्यापीठांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं दाखविलें. त्याच वर्षीं एस्टोनियाला सुमारें ७,६०,००० ओळखपत्रांवरील प्रमाणपत्रें स्थगित करावीं लागलीं. अशी चिप कर्नेलच्या चाचणींत चुकीचा शब्द बिनचूक नाकारील, आणि तरीहि तिची किल्ली कच्चीच राहील.

म्हणून 'वगळली' ह्या उत्तराला आमचा विरोध नाहीं. तें ऐकून कोणी तरी 'कां?' म्हणून विचारलें पाहिजे, इतकेंच. आणि तसें विचारण्यास आधार हवा. कोणत्या यंत्रांत चिप असावयास हवी ह्याची यादी परीक्षेच्या बाहेर, दुसऱ्या कोणाच्या हातीं असली पाहिजे. कारण जी परीक्षा उमेदवाराला ओळखण्यांतच चुकली तिला स्वतःची चूक कळणार कशी? आमच्या त्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका शेवटीं दुसऱ्या विषयाच्या गठ्ठ्यांत सांपडली. ती शोधावयास आम्ही निघालों तें पर्यवेक्षकाच्या हजेरीपटावरून. तेथें, तिसऱ्या बाकाच्या क्रमांकापुढें, त्याची सही होती.