स्मरणाचे ऋण : आरंभीच्या ख्रिस्ती स्त्रिया आणि संहितेतील रिकाम्या जागा

मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात एक स्त्री येशूच्या मस्तकावर मौल्यवान सुगंधी तेल ओतते. शुभवर्तमान जेथे जेथे सांगितले जाईल तेथे तेथे तिच्या स्मरणार्थ तिच्या या कृत्याचेही कथन होईल, असे येशू म्हणतो. यातील विरोधाभास असा, की मार्क तिचे नावच सांगत नाही. एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेन्झा यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथाचे शीर्षक याच प्रसंगावरून घेतले. आरंभीच्या ख्रिस्ती समाजातील स्त्रीनेतृत्वाची चर्चा पुष्कळदा 'विस्मरणा'च्या परिभाषेत केली जाते : स्त्रिया होत्या, त्यांना पुसले गेले, आता त्यांना परत आणावयाचे. हा आराखडा अपुरा आहे, असे येथे सुचवावयाचे आहे. यांपैकी ज्या स्त्रिया आपणांस नावाने ठाऊक आहेत त्या विसरल्या गेल्या असे म्हणण्यापेक्षा चुकीच्या आठवल्या गेल्या असे म्हणणे अधिक योग्य. आणि चुकीचे स्मरण हा विस्मरणाहून वेगळा व अधिक अवघड नैतिक प्रश्न आहे.

प्रथम युनियाचे उदाहरण घेऊ. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल अंद्रोनीक आणि युनिया यांना सलाम सांगतो व प्रेषितांमध्ये ती नामांकित असल्याचे म्हणतो. ग्रीकमध्ये हे नाव द्वितीयेत आले आहे. प्राचीनतम हस्तलिखितांत स्वराघातचिन्हे नसल्यामुळे केवळ अक्षरांवरून त्याचे लिंग ठरत नाही. चौथ्या शतकातील योहान ख्रिसोस्तोम हा ग्रीक भाषेतच वाढलेला, आणि एरवी स्त्रियांविषयी फारसा उदार नसलेला धर्मोपदेशक. त्याने मात्र ही स्त्रीच आहे असे निःशंकपणे मानून, प्रेषित म्हणवून घेण्यास पात्र ठरलेल्या तिच्या प्रज्ञेची स्तुती केली. तेराव्या शतकात एजिदियुस रोमानुस याने दोघांनाही पुरुष म्हटले. पुढे 'युनियास' हे पुरुषनाम कल्पिले गेले. 'युनिया' हे स्त्रीनाम रोमन कोरीव लेखांत विपुल आढळते, 'युनियास' हे त्यांत आढळत नाही. तरीही नेस्ले यांच्या अभ्यासकमान्य ग्रीक संहितेत १९२७ पासून पुल्लिंगी स्वराघात छापला गेला आणि १९९८ मध्ये तो दुरुस्त झाला.

मराठी वाचकाला यातील मर्म सहज उमगावे. प्रमाण मराठीत 'ते दोघे' म्हटले की दोन पुरुष डोळ्यांपुढे येतात, 'ती दोघे' म्हटले की एक स्त्री आणि एक पुरुष. ग्रीकमध्ये जे काम स्वराघात करतो तेच येथे एक सर्वनाम करते. व्याकरण निर्णय घेत नाही. व्याकरणाच्या आडून वाचक निर्णय घेतो. प्रेषित स्त्री असू शकत नाही, ही व्यक्ती प्रेषित आहे, म्हणून ही स्त्री नव्हे : निष्कर्ष येथे गृहीतातच दडलेला आहे. पौलाच्या शब्दांचा अर्थ 'प्रेषितांना सुपरिचित' असा घ्यावा, असेही काही अभ्यासक मांडतात. तो वाद भाषिक पुराव्याच्या बळावर अवश्य व्हावा. मात्र नावाचे लिंग बदलणे हा त्या वादाचा भाग नव्हे.

त्याच अध्यायाच्या आरंभी पौल किंख्रिया येथील फिबीची ओळख करून देतो. तिला तो 'दियाकोनोस' म्हणतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात पौलाविषयी आलेल्या याच शब्दाला धर्मसेवेच्या अधिकाराचा प्रतिशब्द मिळतो, आणि फिबीच्या वाट्याला नुसते 'सेवक' येते. मराठीत 'सेविका' म्हटल्याने तिचे स्थान असेच खाली सरकते. उलट पक्षी, पुढे विकसित झालेले चर्चमधील 'डीकन' हे पद तिला जसेच्या तसे बहाल करणेही कालविपर्यासाचेच होईल. समान शब्दाला समान तोलाने वाचणे, एवढीच येथे न्यायाची किमान अट आहे.

मरीया मग्दालीयेच्या बाबतीत नाव, लिंग, भूमिका यांपैकी काहीच लपविले गेले नाही. चारही शुभवर्तमानांत ती रिकाम्या कबरीच्या प्रसंगी उपस्थित आहे. योहानाच्या कथनात पुनरुत्थानाचा निरोप शिष्यांकडे तीच नेते. इ. स. ५९१ च्या सुमारास पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात तिचे, लूकच्या सातव्या अध्यायातील निनावी पापी स्त्रीशी आणि बेथानीच्या मरीयेशी ऐक्य केले. पौर्वात्य परंपरेने हे ऐक्य स्वीकारले नाही. पश्चिमेत मात्र साक्षीदार मागे पडली आणि पश्चात्तापदग्ध पतिता पुढे आली. येथे द्वेष नव्हता, हे विशेष. शतकानुशतके लोकांनी या मरीयेवर प्रेम केले, तिची चित्रे रंगविली, तिला प्रार्थना केल्या. परंतु ज्या स्त्रीवर हे प्रेम जडले ती संहितेत नव्हती.

एखाद्या मृत व्यक्तीविषयीचा गैरसमज ही निरुपद्रवी गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. १७५८ मध्ये लंडन येथे 'पतित' स्त्रियांसाठी उघडलेल्या आश्रयगृहाला मग्दालीयेचेच नाव देण्यात आले. आयर्लंडमध्ये तिच्या नावाने चाललेल्या धुलाईगृहांत असंख्य स्त्रियांना कोंडून विनावेतन राबविले गेले. त्यांतील अखेरचे १९९६ मध्ये बंद झाले आणि २०१३ मध्ये आयरिश शासनाने क्षमा मागितली. या क्रौर्याचे कारण एक प्रवचन होते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण या संस्थांना जे नाव आणि जी पवित्र प्रतिमा लाभली, ती त्या प्रवचनाने रूढ केलेल्या अर्थातून आली. १९६९ च्या रोमन पंचांगसुधारणेत मग्दालीयेला या पापी स्त्रीपासून वेगळे करण्यात आले आणि २०१६ मध्ये तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला. संहितेची दुरुस्ती होऊ शकते. त्या संहितेच्या छायेत गेलेली आयुष्ये दुरुस्त होत नाहीत.

मग आजच्या पुनर्वाचनाचे दायित्व कोणते? ग्रेगरीचा दोष केवळ पुरुषी दृष्टीचा नव्हता. लूकमधील स्त्री निनावी होती. तिची रिकामी जागा त्याने ओळखीच्या नावाने भरली. हाच मोह त्याच्या विरोधकांनाही होतो. २००३ च्या एका लोकप्रिय कादंबरीने मग्दालीयेला येशूची पत्नी केले. म्हणजे साक्षीदार स्त्रीला पुन्हा एका पुरुषाच्या नात्यातूनच महत्त्व मिळाले. २०१२ मध्ये येशूच्या तोंडी 'माझी पत्नी' हे शब्द असलेला पपायरसचा तुकडा गाजला आणि पुढे तो बनावट ठरला. येशूचे औदार्य उठून दिसावे म्हणून तत्कालीन यहुदी धर्माला काळा रंग फासण्याच्या प्रवृत्तीवर ज्युडिथ प्लास्को यांनी नेमके बोट ठेवले. बर्नाडेट ब्रूटेन यांनी १९८२ मध्ये प्राचीन सिनेगॉगांतील स्त्रीनेतृत्वाचे कोरीव लेख अभ्यासकांपुढे मांडले. त्यांत स्मिर्ना येथील रुफिना ही यहुदी स्त्री 'सिनेगॉगची प्रमुख' म्हणून नोंदलेली आहे. एका परंपरेतील स्त्रियांचे ऋण दुसऱ्या परंपरेतील स्त्रियांच्या खात्यातून फेडता येत नाही.

मृतांना स्वतःची बाजू मांडता येत नाही. म्हणून त्यांच्याविषयीचे सत्य ही शैलीची नव्हे, नीतीची बाब ठरते. युनियाच्या बाबतीत जे लिहिलेले आहे ते वाचण्याचे धैर्य हवे. तेल ओतणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत जे लिहिलेले नाही ते न लिहिण्याचा संयम हवा. योहान तिच्यासारखीच कृती बेथानीच्या मरीयेच्या नावावर सांगतो; पण मार्कचे मौन हे मार्कचेच आहे आणि ते आपल्याला आरोपासारखे ऐकू आले पाहिजे. तिचे नाव कोणी जपले नाही, ही वस्तुस्थितीच तिच्याविषयीची एक साक्ष आहे. त्या रिकाम्या जागेत आपल्या सोयीचे नाव घालणे म्हणजे ती साक्ष पुसणे होय.