निरोप पोचला केव्हा?

मराठीत ‘निरोप’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. दुसऱ्याकरवी धाडलेला मजकूर हाही निरोप, आणि दूर जाताना आपण परस्परांचा घेतो तोही निरोपच. हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदू लागले, ते शब्दशास्त्रज्ञांनी सांगावे. मला मात्र त्यांचे नाते एका टेलिफोनवरील तांबड्या दिव्याने शिकविले, आणि त्या शिकवणीबरोबर एक नैतिक प्रश्नही माझ्या पदरात पडला. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सन २००३-०४ हे वर्ष मी अमेरिकेतील एका विद्यापीठात पाहुणा अध्यापक म्हणून घालविले. तेथे प्रत्येक अध्यापकाच्या मेजावर टेलिफोन असे व त्याला व्हॉइसमेलची जोड असे. आपण खोलीत नसलो की काही वेळ घंटा वाजून मग आपल्याच आवाजातले, आधी मुद्रित करून ठेवलेले चार शब्द बोलणाऱ्याला ऐकू जात. त्यानंतर त्याचा निरोप नोंदला जाई आणि यंत्रावर तांबडा दिवा लागे. परत आल्यावर आपण आपले गुप्त अंक दाबावेत, यंत्राने नवे निरोप किती ते सांगून एकेक ऐकवावा, आणि ठेवण्यासाठी वा पुसण्यासाठी निरनिराळी कळ दाबावी, असा क्रम होता. कल्पना जुनीच आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत टेलिफोनशी सांगड घालून क्षणभंगुर संभाषण टिकाऊ करणे हा एक उपयोग होता. १८९८ मध्ये डेन्मार्कच्या पोल्सेनने पोलादी तारेवर आवाज साठविण्याची युक्ती काढली. आणि गॉर्डन मॅथ्यूज या अमेरिकन गृहस्थाला आपल्या निरोपपद्धतीचे पेटंट १९८३ साली मिळाले. सारांश, समोर नसलेल्या माणसाशी बोलता यावे, ही इच्छा शंभर वर्षांहून जुनी. त्या समोर नसलेल्या माणसाचे कर्तव्य कोणते, हा विचार मात्र यंत्राबरोबर कोणी पाठविला नाही.

ऑक्टोबरातील एका बुधवारी माझ्या यंत्रावर तो दिवा लागला. मी तो पाहिला. एखाद्या समितीची सभा, ग्रंथालयाचे स्मरणपत्र, नाहीतर पुस्तकविक्रेत्याची आर्जवे, याहून निराळे काय असणार, असे मी मनाशी म्हटले. शिवाय एक सोयीस्कर तर्कही जवळ होता: जो निरोप ऐकलाच नाही, त्याचे उत्तर देण्याचे बंधन कोठून येणार? दिवा मंगळवारपर्यंत जळत राहिला.

अखेर कळ दाबली तेव्हा तीन निरोप निघाले, आणि तिन्ही एकाच विद्यार्थ्याचे. माझ्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो मागच्या बाकावर बसे. पहिल्यात त्याने भेटीची वेळ विचारली होती. दुसऱ्यात, रात्रपाळीच्या कामामुळे अभ्यास मागे पडला आहे, विषय सोडण्याची मुदत शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत आहे, आपण टिकून राहावे की नाही याविषयी तुमचे मत हवे, असे तो म्हणत होता. तिसरा निरोप शुक्रवारी सहाचा: “तुम्ही कामात असाल. मी विषय सोडला आहे. आता फोन करू नका, तसदी नको. वर्ग मला आवडत असे.” निरोपाचे दोन्ही अर्थ त्या एका वाक्यमालेत एकत्र आले होते. मी तरीही फोन केला. तो अत्यंत सौजन्याने बोलला. परंतु पुन्हा वर्गात आला नाही.

येथे कोणी आक्षेप घेईल की, त्याने दार ठोठवावयाचे होते, चिठ्ठी लिहावयाची होती. तुमचा दोष तो काय? कायद्याचा आधारही या आक्षेपाला मिळू शकेल. आपल्याकडील १८७२ च्या करार अधिनियमाच्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रस्ताव ज्याला केला, त्याच्या तो जाणिवेत आला म्हणजेच प्रस्तावाचे संसूचन पूर्ण होते. या न्यायाने मंगळवारपर्यंत मला निरोप पोचलाच नव्हता. परंतु कायदा करारापुरते बोलतो. जाणीव झाली नाही एवढेच तो पाहतो. ती होऊ नये अशी तजवीज कोणी केली, हे नीतीने पाहावयाचे असते. अ‍ॅरिस्टॉटलने हा भेद नेमका केला आहे. माणूस आपल्या अज्ञानाला स्वतःच कारण असेल, तर ते अज्ञान त्याचा बचाव होऊ शकत नाही, असे तो सांगतो, आणि मद्यपानाच्या भरात केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा दाखला देतो. माझ्यापुढे तर दिवा जळत होता. मला काय ठाऊक नाही, हे ठाऊक नव्हते. पण ठाऊक करून घेण्यासारखे काही आहे, हे पुरते ठाऊक होते.

तथापि एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. जो जो आपल्याला हाक मारील, त्याची त्याची हाक ऐकणे आपल्यावर बंधनकारक आहे काय? तसे मानले तर ना ग्रंथवाचन होईल, ना चिंतन, ना निद्रा. दार लावून घेण्याचा अधिकार मनुष्याला असलाच पाहिजे. मग माझे चुकले कोठे? बराच काळ विचार केल्यावर मला जे उत्तर सापडले, ते त्या मुलाच्या निरोपात नव्हते, माझ्याच निरोपात होते. वर ज्या चार शब्दांचा उल्लेख केला, ते मी येताच पहिल्या आठवड्यात मुद्रित केले होते: “आपला निरोप ठेवा, मी लवकरच फोन करीन.” सर्वजण असेच म्हणतात, म्हणून मीही म्हटले. परंतु ते वचन होते. त्या मुलाने तीनदा फोन केला, आणि तिन्ही वेळा माझ्या आवाजाने त्याला ते वचन दिले. वचन देताना मी हजर नव्हतो, ही सबब चालणार नाही. सही करणारा तरी पत्र वाचले जाताना कोठे हजर असतो? दार लावून घेणे हा दोष नव्हे. दार उघडे आहे असे सांगून आत न पाहणे, हा दोष.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनाविषयी तक्रार करतो की, लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो पुन्हा तेच सांगतो, दुसरे उत्तर देत नाही. मुद्रित आवाजाचेही तेच. माझा मुद्रित आवाज त्या मुलाला “थांब, शुक्रवारपर्यंत काही करू नको” असे सांगू शकत नव्हता. म्हणून तर ज्याचा आवाज, त्याने लवकर परतावे, हे कर्तव्य अधिक कडक होते.

आता मेजावरचे ते टेलिफोन अनेक विद्यापीठांतून हद्दपार होत आहेत. कित्येक ठिकाणी निरोप ई-मेलने येतो, त्याचा लेखी मजकूरही यंत्रच तयार करते. आपल्याकडे तर व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा बंद करून ठेवण्याची सोय आहे, म्हणजे वाचूनही न वाचल्यासारखे राहता येते. तांबडा दिवा गेला. पण त्याच्याकडे पाठ फिरविण्याची माझी जुनी युक्ती घरोघर पोचली आहे.

परत आल्यापासून मी एक नियम पाळतो. माझ्या खोलीच्या दारावर मंगळवार व शुक्रवार, तीन ते पाच, एवढेच लिहिलेले असते. ‘केव्हाही यावे’ असे मी कोणाला सांगत नाही. हे आश्वासन तोकडे आहे, आणि विद्यार्थी कधी कधी त्याबद्दल कुरकुरतात. परंतु त्या चार तासांत मी खोलीत असतो.