आगीची रंगीत तालीम

'येत्या मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता आपल्या शाखेत आग लागणार आहे. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.' अशा अर्थाचे परिपत्रक मी आयुष्यात प्रथमच वाचले. एरवी आमच्या बँकेत कुठलीही गोष्ट वेळेवर होत नाही. आग तेवढी झाली.

आता ऐन एप्रिलात हा उत्सव का? तर 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या बोटीला आग लागली. बोटीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला. ती विझवायला धावलेले अग्निशामक दलाचे 66 जण स्फोटांत गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सप्ताह. पण 14 तारखेला आंबेडकर जयंती, सारे नागपूर दीक्षाभूमीकडे आणि बँकेला सुट्टी. म्हणून आमची आग पुढच्या मंगळवारी ढकलली.

तशी आमच्या गावाला आग नवी नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून नागपुरातच आहे. देशभरचे अधिकारी इथे शिकायला येतात. मे महिन्यात त्यांना प्रात्यक्षिकासाठी निराळी आग पेटवावी लागत नसेल, असा आपला माझा अंदाज.

मला पहिल्या मजल्याचा 'मार्शल' नेमले. काम सोपे : रेकॉर्ड रूम आणि संडास बघायचे, सगळ्यांत शेवटी निघायचे आणि खाली जाऊन डोकी मोजायची. तयारी म्हणून भिंतीवरच्या लाल बादल्या उतरवल्या. त्यांत वाळूपेक्षा खर्र्याच्या पन्न्याच जास्त निघाल्या.

घंटा वाजली. कुणी डबा उचलला, कुणी मोबाईलचा चार्जर. कॅशियरने आधी पेटीला कुलूप लावून तीनदा ओढून पाहिले. एक पेन्शनर आजोबा काउंटर सोडेनात. "माझं पासबुक भरून द्या, मग काय जळायचं ते जळा," म्हणाले.

खाली उतरलो तर ऊन त्रेचाळीस डिग्री. आगीतून फुफाट्यात म्हणजे काय, ते त्या दिवशी सप्रयोग कळले. जमायची जागा उन्हात होती, म्हणून स्टाफ समोरच्या रसवंतीत जमला. मी मोजले : एकतीस. मस्टरवर बत्तीस. कोणीतरी संडासात असेल, नाहीतर पानठेल्यावर. रेकॉर्ड रूम मी बघितलीच नव्हती. जिन्यापासून वीस पावलं आत, आणि पंखा नाही.

"मार्शल, किती?" साहेबांनी विचारले.

"बत्तीस, सर!"

"तीन मिनिटं चाळीस सेकंद!" साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या. रस झाला.

वर आलो तर रेकॉर्ड रूममधून आमचे दफ्तरीकाका धूळ झटकत बाहेर येताहेत. "आग इझली का जी? मी म्हटलं, हे बंडल बांधूनच जावं." सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. पण माझे हसू मध्येच कुठेतरी अडकले.

माझ्यातला वकील लगेच उभा राहिला. आगच खोटी होती, तर काका जळाले तेही खोटेच. बिघडले काय? पण वाचकहो, पंचाईत अशी की मी उच्चारलेला 'बत्तीस' तेवढा खरा होता. तालीम आगीची होती, माझ्या आळसाची नव्हती. तो पहिल्याच प्रयोगात पाठ होता.

त्याच संध्याकाळी कॅशमध्ये शंभर रुपये कमी आले. रात्री साडेसातपर्यंत बसून आम्ही नोटा चारदा मोजल्या. 'असेल कुठेतरी, शंभर जास्त लिहून टाका,' असे एकही माणूस म्हणाला नाही. शेवटी एक नोट दुसरीला चिकटलेली सापडली, तेव्हा आम्ही घरी गेलो. मी कॉमर्सचा पदवीधर. ताळेबंदात खुर्च्यांची किंमत असते, पंख्यांची असते, माणसांचा रकाना नसतो हे मला माहीत आहे. पण म्हणून नोट कमी आली की शोधायची आणि माणूस कमी आला की 'असेल', हा हिशेब मला कुणी शिकवला? कुणीच नाही. माझा मीच शिकलो. गोदीतले ते 66 जण ओळखदेख नसलेल्यांसाठी आगीकडे गेले होते. मला आग नसताना, अठरा वर्षे एकत्र डबा खाल्लेल्या माणसासाठी वीस पावलं जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. "रिपोर्ट गेला हो वर," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू." मग काकांकडे गेलो आणि सगळे सांगितले. ते बंडलाला गाठ मारत म्हणाले, "तुमी मोजलं नाई त काय झालं जी, मी त होतोच नं."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. हल्ली रोज घरी निघताना मी रेकॉर्ड रूममध्ये डोकावतो. काकांना वाटते, मी खर्र्यासाठी येतो. ते पुडी पुढे करतात. मी खर्रा खात नाही, हे त्यांना अजून सांगितलेले नाही. चिमूटभर घेतो, जिना उतरतो आणि खालच्या लाल बादलीत टाकतो.