मुलाची गोष्ट कुणाची?

गुडघे टेकून झोपण्यापूर्वीची प्रार्थना म्हणणारे लहान मूल पाहिले की कोणाही आईबापाचे मन भरून येते. ए. ए. मिल्न या इंग्रज लेखकाचेही आले. १९२० साली जन्मलेला त्यांचा मुलगा क्रिस्टोफर रॉबिन अगदी लहान असतानाच त्यांनी त्याच्या प्रार्थनेवर कविता लिहिली. पुढे 'विनी द पू' (१९२६) या पुस्तकातही मुलाचे खरे नावच आले आणि जगभर गेले.

मुलगा वसतिगृहाच्या शाळेत गेला तेव्हा ही कविता त्याच्याआधीच तिथे पोहोचली होती. मुले तिची ग्रामोफोन तबकडी पुन्हा पुन्हा लावून त्याला चिडवीत. त्याने १९७४ साली, पन्नाशी उलटल्यावर, आठवणींचे पुस्तक लिहिले, त्यात हा सल आहे.

बापाच्या प्रेमात खोट नव्हती, हेच मला अधिक टोचते. टवाळी करायला लिहिले असते तर दोष देणे सोपे होते. पण प्रार्थना ही मुलाची आणि देवाची आपसातली गोष्ट. बापाने ती पाहिली यात गैर काही नाही. ती नावानिशी चारचौघांत न्यायची तर विचारायचे कुणाला? एवढ्याशा मुलाच्या होकाराला अर्थ तो काय?

मिल्न यांना छापखाना लागला. आपल्याला खिशातला मोबाईल पुरतो. मीही हे केले आहे. पहिल्या पापनिवेदनाच्या आदल्या रात्री माझी मुलगी रडत होती. माझ्या पर्समधले दहा रुपये घेतले होते, ते फादरांना सांगावे लागेल का, म्हणून. मला मोठे कौतुक वाटले आणि मी तो प्रसंग नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. फादरांच्या कानाबाहेर जे कधीच गेले नसते, ते मी चाळीस जणांना वाचायला दिले.

मग मुलांविषयी लिहूच नये का? तसे मी म्हणणार नाही. आजारी मुलाची आई आपले दुःख लिहिते तेव्हा तिला दुसऱ्या एखाद्या आईचा आधार मिळतो, तिला गप्प बसवणे निर्दयपणाचे होईल. मात्र नाव, फोटो न देताही आधार मागता येतो. मी तर आधार मागितलाच नव्हता, वाहवा मागितली होती.

बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा मरियेने त्याला बोल लावला, आणि मग सारे अंतःकरणात जपून ठेवले, असे संत लूक सांगतो. (पुढे कधीतरी तिने कुणाला तरी सांगितलेच असणार, नाहीतर आपल्याला कसे कळले? पण तोवर मुलगा मोठा झाला होता.)

माझी मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. गेल्या नाताळात जेवताना तिच्या मावशीने तो किस्सा काढला. सगळे हसले. ती ताट घेऊन उठली. त्या रात्री मी तो जुना मजकूर शोधून काढला, पण आता तो फक्त माझ्याच फोनवरून पुसला गेला. हे मी तिला अजून सांगितलेले नाही.