चार मिनिटांची आई

सशाची मादी व्यायला आली की तिचं वागणंच बदलतं. एरवी लसूणघासाची पेंढी टाकली की सगळ्यांच्या पुढं येणारी ती मागं राहते, कोपऱ्यातली माती उकरायला लागते. मी ससे पिंजऱ्यात ठेवत नाही. भोवती जाळीचं कुंपण, जाळी दोन फूट जमिनीत गाडलेली. आत सगळ्या माद्या मिळून राहतात. नर तेवढा वेगळा. नाहीतर व्यालेली मादी लगेच पुन्हा गाभण राहते.

महिना भरत आला की तिच्या खेपा सुरू होतात. वाळलं गवत तोंडात आडवं धरून, मोठ्या मिशा फुटल्यासारखी ती बिळाकडं पळते. एकतिसाव्या दिवसाच्या आसपास स्वतःच्या छातीपोटाचे केस दातांनी उपटते आणि गवतावर अंथरते. जाणते सांगतात, त्या दिवसांत केस आपसूक सैल होतात, उपटल्यावर सडंही पिल्लांना मोकळी सापडतात. असेल. पण अंगानं करायला लावलं म्हणून ती माया नव्हे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माणसाच्या आईला पान्हा फुटतो तो काय विचार करून फुटतो?

बघायला आलेल्या बायाबापड्या इथपर्यंत खूश असतात. पुढं बिनसतं. पिल्लं उघडी, आंधळी. डोळे दहाएक दिवसांनी उघडतात. आणि ही बाई बिळाचं तोंड मातीनं बुजवून चरायला मोकळी! दिवसातनं एकदा, बहुतेक रात्री नाहीतर पहाटे येते, तीन-चार मिनिटं पाजते, पुन्हा माती ओढून निघून जाते. शेजारची म्हातारी आमच्या मंडळींना म्हणाली, “कसली गं आई ही? हिला घास तरी कसा गोड लागतो?”

आता सशाला शिंग नाही, लढायची ताकद नाही. आई बिळापाशी बसून राहिली तर तिच्याच वासानं मांजर, मुंगूस तिथं येणार. लांब राहणं हीच तिची राखण. दूध घट्ट, दिवसभर पुरतं. (पिल्लं वाढली की मी विकतो, हेही सांगून ठेवतो. मायेवर बोलायचा माझा अधिकार तेवढाच.)

म्हातारीचं ते वाक्य मी आधी माणसांबद्दल ऐकलंय. आमच्या बीडकडं दसरा-दिवाळी झाली की जोडपी ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. बाई गेली नाही तर अर्धाच कोयता, उचलही अर्धी. अंगावरचं पोर सोबत नेतात, जरा मोठं आजीपाशी ठेवतात. मग पाच-सहा महिने गाव बोलतं, “पोर टाकून गेली.” बाप पण गेलेला असतो. त्याचं कुणी नाव काढत नाही.

पण सशाचा दाखला इथं पुरा लावायला मी भितो. सशीणही करते मग बाईनं केलं तर काय, असं म्हटलं की मुकादमाला बरंच वाटेल. सशाची मादी लांब राहते ती पिल्लांसाठी, तिच्यावर कुणाची उचल नसते. दोघींची माया मला कमी दिसत नाही. पण एकीचं लांब राहणं कुणीतरी विकत घेतलेलं आहे, आणि दोष मात्र तिलाच.

आमच्या आळीतली एक यंदाही गेलीय. पोरगा तीन वर्षांचा. दिवसभर तोडणी, मग भाकरी, कधी रात्री गाडी भरायची. मधल्या वेळात फोन येतो, साडेआठाच्या सुमाराला. तोवर आजी त्याला गोष्टी सांगून, गुदगुल्या करून जागं ठेवते.