प्रसारणातील मौन आणि मालकी

जी वस्तू कोणी निर्माण केलेली नाही आणि जिच्यावाचून कोणाचेच चालत नाही, तिच्यावर एखाद्याचा मालकीहक्क असू शकतो का, हा प्रश्न धर्मचिंतनाने आणि विधिशास्त्राने जमीन, पाणी व वारा यांच्या संदर्भात फार पूर्वीपासून विचारला आहे. रोमन सम्राट जस्टिनियनच्या सहाव्या शतकातील विधिग्रंथाने हवा, वाहते पाणी आणि समुद्र या सर्वांच्या सामाईक वस्तू मानल्या. ईशावास्योपनिषदाने चराचर ईश्वराने व्यापलेले मानून माणसाकडे केवळ त्यागपूर्वक उपभोग ठेवला, आणि गांधीजींना आपल्या विश्वस्तवृत्तीच्या कल्पनेचा आधार याच उपनिषदात सापडला. विसाव्या शतकात या जुन्या प्रश्नापुढे प्रक्षेपणलहरींची नवी वस्तू येऊन उभी राहिली. एकाच परिसरात एकाच लहरीवर दोन केंद्रे बोलू लागली तर कोणाचेच धड ऐकू येत नाही, त्यामुळे ती लहर एकाला देणे आणि इतरांना नाकारणे भागच पडते. अमेरिकेने १९२७ च्या आणि पुढे १९३४ च्या कायद्याने यावर असा तोडगा काढला की, केंद्रचालकाला मिळेल तो ठरावीक मुदतीचा परवाना असेल, लहरीवरची मालकी नव्हे, आणि तो परवाना सार्वजनिक हित, सोय व गरज या कसोटीवर दिला जाईल. परवाने देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे तेथील दळणवळण आयोगाने, एका हाती किती केंद्रे असावीत यावर जी बंधने घातली, त्यांचे मूळ या विश्वस्तकल्पनेत आहे. आज मात्र त्यांची चर्चा जवळजवळ सर्वस्वी बाजारपेठ आणि स्पर्धा यांच्या भाषेत होते, आणि त्यामुळे त्यांचे खरे समर्थन नजरेआड होते.

ते समर्थन ज्ञानाच्या स्वरूपात शोधले पाहिजे. न्यायदर्शनाने शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यातूनही खरे ज्ञान मिळू शकते असे स्वीकारले. मात्र सांगणारा आप्त असला पाहिजे, अशी अट घातली. आप्त म्हणजे ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखीच लागू पडते, असे भाष्यकार वात्स्यायनाने स्पष्ट म्हटले आहे, म्हणजेच आप्तत्व जन्माने किंवा पदाने येत नाही. भाट्ट मीमांसकांनी याच्या पुढे जाऊन अनुपलब्धी हे आणखी एक प्रमाण मानले. एखादी वस्तू दिसत नाही यावरून ती नाही असे जाणणे, हे ते प्रमाण होय. पण त्याला योग्यतेची अट आहे, म्हणजे ती वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असावी लागते. भर उजेडात टेबलावर घागर दिसली नाही तर ती तेथे नाही, असे म्हणता येते, अंधारात म्हणता येत नाही. वृत्तमाध्यमांच्या बाबतीत हा विचार फार मोलाचा आहे, कारण प्रेक्षक जे ऐकतो त्यावरून जितके ठरवतो तितकेच जे ऐकत नाही त्यावरूनही ठरवतो. बातमी आली नाही, त्या अर्थी तसे काही घडले नाही, हे त्याचे अनुमान घडले असते तर सांगितले गेले असते या विश्वासावर उभे असते. खोट्या बातमीचा प्रतिवाद होऊ शकतो. दडवलेल्या बातमीचा होत नाही, कारण काय दडवले गेले हेच प्रेक्षकाला माहीत नसते.

मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराच्या डब्ल्यूएलबीटी या दूरचित्रवाणी केंद्राने हे प्रत्यक्षात दाखवून दिले. त्याच्या प्रक्षेपणक्षेत्रातील लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण जवळपास निम्मे असतानाही वंशभेदविरोधी चळवळ त्याच्या पडद्यावर दिसत नसे. १९५५ मध्ये एनबीसी या राष्ट्रीय जाळ्यावरून थर्गुड मार्शल या कृष्णवर्णीय वकिलाचा कार्यक्रम येत असता केंद्राने तो तोडला आणि तारेत बिघाड झाल्याची पाटी दाखवली. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या ख्रिस्ती संप्रदायाच्या संपर्क विभागाचे प्रमुख धर्मोपदेशक एव्हरेट पार्कर यांनी स्थानिक कार्यकर्त्यांसह १९६४ मध्ये परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली. प्रेक्षकाला दाद मागण्याचा अधिकारच नाही, तो केवळ आर्थिक नुकसान झालेल्या किंवा प्रक्षेपणात अडथळा आलेल्या प्रतिस्पर्ध्याला आहे, अशी आयोगाची भूमिका होती. १९६६ मध्ये अपील न्यायालयाने ती फेटाळली आणि ऐकणाऱ्यालाही उभे राहण्याचा हक्क आहे असे ठरवले. १९६९ मध्ये त्याच न्यायालयाने नूतनीकरण रद्द केले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रेड लायन खटल्यात प्रसारकाच्या हक्कापेक्षा प्रेक्षक-श्रोत्यांचा हक्क श्रेष्ठ मानला. चर्चने केवळ आपल्या उपदेशासाठी वेळ मागितला नाही, तर ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी दार ठोठावले, ही या प्रकरणातील धर्मदृष्ट्या सर्वांत थोर गोष्ट आहे.

या प्रकरणाचा एक कठीण भाग मात्र टाळता येत नाही: डब्ल्यूएलबीटीची मालक असलेली विमा कंपनी जॅक्सनचीच होती. मालक गावचा असला की माध्यम लोकांचे होते, हा भाबडा समज त्यामुळे टिकत नाही. सत्य बाहेरून येत होते आणि घरच्या मालकाने ते अडवले. तेव्हा मालकीच्या मर्यादेचे समर्थन स्थानिक मालकाच्या सद्गुणावर उभारता येत नाही. ते या गोष्टीवर उभारावे लागते की, मौन पाळण्याची शक्ती एकाच हातात असू नये, कारण एकाचे मौन उघडे पडते ते दुसऱ्याच्या बोलण्यानेच.

या तत्त्वाला कायद्याने आकड्यांचे रूप दिले आणि मग आकडेच हलू लागले. १९५० च्या दशकात एका मालकाला सात दूरचित्रवाणी केंद्रे ठेवता येत; १९८० च्या दशकात ती संख्या बारा झाली आणि सोबत देशातील पंचवीस टक्के कुटुंबांपर्यंतच पोहोचण्याची मर्यादा आली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने केंद्रांच्या संख्येचे बंधन काढून टक्केवारी ३५ वर नेली, २००३ मध्ये आयोगाने ती ४५ केली, आणि मोठ्या लोकक्षोभानंतर अमेरिकी संसदेने २००४ मध्ये ती ३९ वर आणली. त्यातही एक पळवाट आहे. अतिउच्च वारंवारतेच्या, म्हणजे यूएचएफ पट्ट्यातील केंद्रांचे प्रक्षेपण एकेकाळी दुबळे होते, म्हणून त्यांची पोहोच निम्मीच मोजली जाई; डिजिटल प्रक्षेपणामुळे हा दुबळेपणा संपल्यावर २०१६ मध्ये ही सवलत रद्द झाली आणि २०१७ मध्ये पुन्हा लागू करण्यात आली. ज्या सवलतीचे कारण नाहीसे झाले ती टिकवणे म्हणजे नियम ठेवून त्याचा अर्थ काढून घेणे होय. त्याच वर्षी, एका शहरातील वृत्तपत्र आणि केंद्र एकाच मालकाकडे असू नये हा १९७५ पासूनचा नियमही आयोगाने उठवला, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय एकमताने कायम ठेवला.

एकवटलेल्या मालकीत आप्तत्वाचे काय होते, ते २०१८ च्या वसंतात दिसले. सिंक्लेअर कंपनीच्या अनेक केंद्रांवरील निवेदकांनी इतर माध्यमांतील खोट्या बातम्यांपासून सावध करणारे एकच निवेदन जवळपास शब्दशः वाचले. निवेदनातील मते बरोबर होती की चूक, हा येथे गौण मुद्दा आहे. प्रेक्षकाने विश्वास ठेवला होता तो आपल्या गावच्या ओळखीच्या चेहऱ्यावर, त्याने पाहून-जाणून सांगितले आहे या समजुतीवर. शब्द मात्र कंपनीच्या मुख्यालयातून आले होते. ट्रिब्यून कंपनीशी सिंक्लेअरचे विलीनीकरण त्याच वर्षी फिसकटले नसते, तर एका मालकाची पोहोच सुमारे ७२ टक्के कुटुंबांपर्यंत गेली असती.

इंटरनेटच्या काळात या मर्यादा कालबाह्य झाल्या आहेत आणि जाहिराती आटल्यामुळे मोठे झाल्याशिवाय केंद्रे जगणार नाहीत, हा आक्षेप हलका नाही. परंतु पडदे वाढले म्हणून साक्षीदार वाढतात असे नाही: नगरपालिकेच्या सभेला जाऊन बसणारा बातमीदार कोणी तरी नेमावा लागतो, आणि त्याने आणलेली एकच बातमी शंभर ठिकाणी फिरली तरी तिचा साक्षीदार एकच राहतो. बंधने शिथिल करायचीच असतील, तर त्या बदल्यात गावोगावच्या बातमीदारीची बांधील हमी घ्यावी. ती मिळेपर्यंत ३९ टक्क्यांची मर्यादा उठवणे हा विश्वस्ताने सामाईक ठेव विकण्याचा प्रकार ठरेल.

भारतात हा विचार ९ फेब्रुवारी १९९५ च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगाल खटल्याच्या निकालाने रुजला. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगणाऱ्या त्या खंडपीठात पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झालेले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आणि सरकारची असो वा खाजगी, प्रसारणातील मक्तेदारी अमान्यच, असे त्या निकालात बजावले होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालण्याच्या शिफारशी केल्या. त्यांवर आधारलेला सर्वंकष कायदा मात्र अद्याप झालेला नाही.