फळीखालचं नाव

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होप गावच्या एका कारखान्यात बनलेलं जुनं टेबल उलटं करून पाहिलं, तर खालच्या बाजूला काळ्या शाईत एक आडनाव दिसतं. ते कारागिराचं नसतं, ज्याने टेबल सांगून करून घेतलं त्याचं असतं. कारखाना जॉर्ज नाकाशिमा यांचा. आज लिलावात त्यांच्या लाकूडकामाला प्रचंड किंमत येते. पण कित्येक वर्षं त्यांनी स्वतःची सही कुठे केली नाही. ऑर्डर कोणाची, तेवढंच लिहिलं.

ही नुसती सोय होती, असंही म्हणता येईल. कुठली वस्तू कोणाच्या घरी जायची याचा घोळ होऊ नये म्हणून आपल्याकडचा मिस्त्रीही फळीमागे पेन्सिलीने नाव टाकतोच. पण नाकाशिमांचं नाव टाकणं एवढ्यावर सोडून देता येत नाही, कारण हा माणूस पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात कर्मयोगाची दीक्षा घेऊन गेलेला होता. आणि नंतरचं सगळं आयुष्य त्याने गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी पुऱ्या करण्यात घालवलं. गिऱ्हाइकाने लांबी-रुंदी सांगायची, दर ठरवायचा, पैसे मोजायचे. अशा कामात निष्काम कर्माला जागा उरते का?

नाकाशिमांचा जन्म 1905 चा, स्पोकेन शहरातला, जपानी आईबापांच्या पोटी. शिक्षण वास्तुशास्त्राचं. टोकियोत अँटोनिन रेमंड यांच्या कचेरीत ते काम करत होते, तेव्हा आश्रमाने साधकांच्या निवासासाठी एका इमारतीचं काम रेमंड यांच्याकडे दिलं. तीच ‘गोलकोंडे’. हैदराबादचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्या खटपटीने निजामाकडून पैसा आला, म्हणून हे नाव. उघडझाप होणाऱ्या आडव्या पट्ट्यांतून वारा खेळवणारी ही इमारत आजही वातानुकूलनाशिवाय थंड राहते. प्रत्यक्ष जागेवर देखरेख करायला नाकाशिमा आले, बांधकामावर साधकांबरोबर राबले आणि हळूहळू त्यांच्यातलेच एक झाले. पगार घ्यायचं त्यांनी नाकारलं. श्रीअरविंदांनी त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव दिलं. इथल्या खोल्यांसाठी सागवानी सामान त्यांनी रेखाटलं, आणि पुढे ज्या कामाने त्यांची ओळख झाली त्याची सुरुवात तिथे झाली.

1939 मध्ये ते पाँडिचेरी सोडून गेले आणि पुढे अमेरिकेत परतले. तीन वर्षांत युद्धाने त्यांना गाठलं. अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं, त्यात नाकाशिमा, त्यांची पत्नी आणि नुकतीच जन्मलेली मुलगी मीरा आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत गेली. तिथे गेंतारो हिकोगावा हा जपानी परंपरेत तयार झालेला सुतार त्यांना भेटला. उरल्यासुरल्या फळ्या आणि वाळवंटातली झुडपी लाकडं घेऊन दोघे काम करत, आणि पदवीधर वास्तुकार सुताराच्या हाताखाली पटाशी धरायला शिकला. 1943 मध्ये रेमंड यांनी जामीनकी घेऊन त्यांना न्यू होपला आणलं.

आश्रमात पगार नाकारणारा माणूस आता बिलं फाडू लागला. इथे कोणी म्हणेल, संसार मांडला, योग सुटला. तसं मानणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही.

नाकाशिमांकडे ऑर्डर द्यायची म्हणजे काय, ते पाहण्यासारखं आहे. ओंडका चिरताना ते स्वतः उभे राहत. चिरलेल्या फळ्या ओंडक्यातल्या मूळ क्रमानेच रचून ठेवल्या जात, वर्षानुवर्षं वाळत. गिऱ्हाईक आलं की त्याचं घर, जागा, गरज ऐकून ते त्या ढिगातून एखादी फळी काढत आणि कागदावर साधं रेखाटन करून त्यावर मापं आणि दर लिहीत. फळीला चीर असेल तर ती भरून, रंगवून लपवायची नाही. चिरेवर फुलपाखराच्या आकाराचा कठीण लाकडाचा तुकडा बसवायचा, म्हणजे चीर पुढे सरकत नाही आणि डोळ्यांनाही दिसते. झाडाची नैसर्गिक कडा तशीच ठेवायची. अशा वेळी गिऱ्हाईक, सुतार आणि झाड तिघांचंही म्हणणं एका कागदावर येतं, आणि कोणा एकाचीच मर्जी चालत नाही.

आता पॉलिशकडे पाहू. कुठल्याही चांगल्या पॉलिशवाल्याला ठाऊक असतं की फळीची नुसती वरची बाजू चकचकीत करून भागत नाही. लाकूड कापलं तरी हवेतली ओल घेतं आणि सोडतं. वरून लाख किंवा तेल मुरवून भोकं बंद केली आणि खालची बाजू कोरडी सोडली, तर पावसाळ्यात खालची बाजू जास्त फुगते, उन्हाळ्यात जास्त आकसते, आणि दोन-चार वर्षांत फळीला बाक येतो. म्हणून जी बाजू गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही, तिलाही हात द्यावाच लागतो. काचकागद रेषेच्या आडवा फिरवला तर ओरखडे तेव्हा दिसत नाहीत. पॉलिशचा पहिला हात बसला की सगळे उठून दिसतात. न पाहिलेल्या कामाचा हिशेब लाकूड स्वतः ठेवतं. निष्कामतेवर बोलणाऱ्याने आधी ही खालची बाजू पाहावी, कारण कौतुकाची आशा जिथे मुळातच नाही तिथे माणूस कसं काम करतो, हे तिथेच कळतं.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये छापून आलं. गीता कर्म सोडायला सांगत नाही, कर्मावरची आसक्ती सोडायला सांगते, हा त्यांचा आग्रह. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं केली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत विनोबा म्हणतात ते थोडक्यात असं: बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली की कर्माचं ओझं राहत नाही. दोघांच्या म्हणण्यात कुठेही फुकट काम करण्याची अट नाही. मजुरी हे पोटाचं साधन आहे. बांधून घालतो तो ‘मी केलं’ हा हट्ट, आणि वस्तू दुसऱ्याच्या घरी गेल्यावरही तिच्यावर हक्क सांगणारं मन.

नाकाशिमा हा हक्क सोडत होते. काचेसारखा थर चढवण्यापेक्षा तेल मुरवणं त्यांना पसंत होतं. वापराने पडलेले डाग-ओरखडे ते खराबी मानत नसत. आपल्या मुलाच्या, केव्हिनच्या, नावावरून त्यांनी त्याला ‘केव्हिनायझिंग’ असा शब्दच बनवला होता. मुलांनी वापरलेलं टेबल मुलांचं होतं, हे त्यांना मान्य होतं. 1989 मध्ये प्रिन्स्टनमधल्या एका दांपत्याचं घर जळालं. त्यात त्यांनी वर्षानुवर्षं करून घेतलेल्या नाकाशिमांच्या शंभरहून अधिक वस्तू खाक झाल्या. नाकाशिमा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांनी सगळं पुन्हा करून द्यायचं कबूल केलं. पुढच्या वर्षी ते गेले. काम मीराने पुढे नेलं.

मराठी माणसाला या सगळ्यावरून नरहरी सोनाराची आख्यायिका आठवेल. तीही ऑर्डरीचीच गोष्ट आहे. नवस फेडायला एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा सांगितला. नरहरी कट्टर शिवभक्त, विठ्ठलाचं तोंड पाहायला तयार नाही; माप आणून द्या म्हणाला. करगोटा एकदा सैल झाला, एकदा आखूड झाला. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून तो स्वतः माप घ्यायला देवळात गेला. हाताला शिवाची खूण लागली, पट्टी काढली तर समोर विठ्ठल. कथेतली खरी गोष्ट ही की नरहरीला दर्शन झालं ते ध्यानाला बसून नव्हे, गिऱ्हाइकाचं काम बरोबर व्हावं या कारागिराच्या जिद्दीतून. दुसऱ्याने आणलेल्या मापावर त्याला विसंबता आलं नाही. गिऱ्हाईक साधनेच्या आड येत नाही. उलट त्याच्या अडून बसण्यामुळेच कारागिराला आपला हट्ट सोडावा लागतो.

इथे एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. न्यू होपच्या कारखान्यात नाकाशिमा एकटे काम करत नव्हते. पगारी कारागीर होते. फळीखाली त्यांची नावं नाहीत. उतारवयात नाकाशिमा स्वतःची सही करू लागले, तरी या कारागिरांची नावं तिथे आली नाहीत. आपल्याकडेही हा प्रश्न आहेच. गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. नांगर, वखर, चौकट, जे लागेल ते त्याने करायचं आणि सुगीला धान्य घ्यायचं. कामाची आणि मोबदल्याची अशी फारकत वरून निष्काम दिसते, पण ती जातीने लादलेली होती आणि त्यात नाही म्हणायची सोय नव्हती. फळाची आशा सोडणं ज्याचं त्याने स्वतःसाठी निवडायचं असतं. कारागिराची मजुरी कापणाऱ्याने किंवा पैसे लांबवणाऱ्याने गीतेचा आधार घेतला, तर तो अधर्म आहे, याबद्दल शंका नको.

म्हणून ज्यांच्या घरी सध्या सुतारकाम चालू असेल, त्यांना एवढीच विनंती. माप घेताना मिस्त्रीसमोर बसा, घाई करू नका. खालच्या बाजूच्या पॉलिशचे पैसे कापू नका. ठरलेली मजुरी ठरल्या दिवशी द्या. आणि काम संपल्यावर, ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांना ड्रॉवरच्या आत आपापली नावं लिहायला सांगा.